पाठकोऱ्या कागदांचा इतिहास : मराठवाड्यातील शिक्षक-विद्यार्थ्यांच्या खाजगी लेखनाच्या वाचनासंबंधी

१

मराठी इतिहासलेखनाची उभारणीच पत्रांवर झालेली आहे. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे खंड प्रसिद्ध करावयास आरंभ केला आणि १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. दप्तरे धुंडाळणे, रुमाल सोडणे, पत्रांच्या तिथी लावणे हा तेव्हापासून आपल्याकडे विद्याव्यासंगाचा एक प्रतिष्ठित प्रकार ठरला. बखर कितीही रसाळ असली तरी प्रसंग घडत असताना लिहिलेले एक ओबडधोबड पत्र तिच्यापेक्षा अधिक विश्वसनीय, हा संस्कार मराठी अभ्यासकाच्या अंगी मुरला तो याच परंपरेतून. मात्र ज्या पत्राला हा मान मिळाला ते पत्र राज्यकर्त्याचे, सरदाराचे, वकिलाचे, फार तर सावकाराचे होते. तालुक्याच्या गावी पंधरा-वीस रुपड्यांवर मुले शिकवणाऱ्या मास्तराने आपल्या भावाला लिहिलेले पत्र कोणत्याही रुमालात बांधले गेले नाही. त्याच्या विद्यार्थ्याने वहीच्या मागच्या पानावर लिहिलेला मजकूर तर रद्दीच्या दरानेच मोजला गेला.

मराठवाड्याच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. या प्रदेशाचा विसाव्या शतकातला इतिहास आपण प्रामुख्याने दोन प्रकारच्या संहितांमधून वाचतो. पहिली, निजामी राजवटीची आणि पुढे भारत सरकारची प्रशासकीय कागदपत्रे. दुसरी, हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या नेत्यांची आणि कार्यकर्त्यांची आत्मकथने. स्वामी रामानंद तीर्थांच्या इंग्रजी आठवणी १९६७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. अनंत भालेरावांनी या संग्रामाचा इतिहास मराठीत लिहिला. निलंग्यात १९१० साली जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींनी 'जीवनसेतू' लिहिले. या ग्रंथांचे मोल वादातीत आहे. परंतु हे सर्व लेखन शेवट माहीत झाल्यानंतरचे आहे. संग्राम यशस्वी झाला, संस्थान विलीन झाले, हे ठाऊक असलेला लेखक मागे वळून पाहतो आणि विखुरलेल्या प्रसंगांना त्या शेवटाकडे नेणारी दिशा देतो. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्याचा दिवस माहीत नसतो. पत्र लिहिणाऱ्याला उत्तर येईल की नाही हेही माहीत नसते. या अज्ञानातच त्या लेखनाचे ऐतिहासिक मूल्य साठवलेले असते.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या परिसरात शिक्षक आणि विद्यार्थी यांनी केलेले असे लेखन, म्हणजे पत्रे, रोजनिश्या, टाचणवह्या, कात्रणवह्या, शाळांची हस्तलिखिते, वाचायचे कसे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. यांतले पुष्कळ लेखन पाठकोऱ्या कागदांवर झालेले असते: जुन्या हजेरीपटांच्या, परिपत्रकांच्या, तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर. एका बाजूला सरकार आणि दुसऱ्या बाजूला माणूस, अशी ही दुहेरी संहिता असते. ती वाचताना दोन्ही बाजू वाचाव्या लागतात.

२

पहिला प्रश्न साहित्यप्रकाराचा आहे. डायरी म्हटली की आपल्या मनासमोर आत्मशोधाचे, कबुलीचे, एकांतातल्या 'मी'चे लेखन उभे राहते. फिलिप लजन या फ्रेंच अभ्यासकाने १९७५ मध्ये मांडलेली आत्मचरित्रात्मक कराराची संकल्पना आपल्याकडच्या चर्चेतही आली आहे. लेखक, निवेदक आणि चरित्रनायक हे एकच आहेत असे वचन लेखक वाचकाला देतो आणि त्या वचनाच्या आधारे वाचक मजकूर वाचतो, असे तिचे थोडक्यात स्वरूप आहे. हा निकष लावून मराठवाड्यातल्या एखाद्या शिक्षकाची रोजनिशी उघडली तर निराशाच पदरी येईल. पाऊस किती पडला, ज्वारीचा भाव काय, कोण रजेवर, कोणाला किती हातउसने दिले, तपासणीसाठी साहेब केव्हा येणार, अशाच नोंदी अशा वहीत असतात. 'मी'चा मागमूस नाही, म्हणून ही वही वाङ्मयीन दृष्ट्या निरुपयोगी, असा निर्णय सहज दिला जातो.

हा निर्णय घाईचा आहे. 'रोजनिशी' हा शब्दच मुळात दप्तरातला आहे. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले पेशव्यांच्या रोजनिशीचे खंड ज्यांनी चाळले आहेत त्यांना हे सांगावयास नको. तिथे रोजनिशी म्हणजे कारभाराची दैनंदिन नोंद. कोणाला सनद दिली, कोणाचा वसूल माफ केला, कोणास काय इनाम दिले. मराठीतली रोजनिशी कबुलीजबाबाच्या परंपरेतून जन्मलेली नाही, ती हिशेबाच्या परंपरेतून आलेली आहे. शाळामास्तर जेव्हा रोजनिशी लिहावयास बसतो तेव्हा हाताशी असलेला हाच नमुना तो उचलतो. शाळेत त्याला टाचणवही लिहावी लागते, शेरेबुकात तपासनिसाचा शेरा घ्यावा लागतो, जनरल रजिस्टरात मुलाचे नाव, जात, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचे कारण भरावे लागते. घरी आल्यावर तो स्वतःच्या आयुष्याचेही रजिस्टरच ठेवतो.

अशा लेखनातला 'मी' वाक्यात सापडत नाही. तो नोंदींच्या निवडीत आणि रकान्यांच्या मोडतोडीत सापडतो. रोज खर्च लिहिणारा माणूस एखाद्या दिवशी खर्चाऐवजी फक्त मुलीचे नाव लिहून ठेवतो, महिनाभर काहीच लिहीत नाही, किंवा पावसाच्या रकान्यात विटाळलेल्या विहिरीची गोष्ट लिहितो, तेव्हा वाचकाने तिथे थांबले पाहिजे. साचा जितका घट्ट, तितके त्यातले विचलन अर्थपूर्ण. शैलीमीमांसेत कवितेच्या संदर्भात आपण ज्या तत्त्वाची एवढी चर्चा केली, ते हिशेबाच्या वहीलाही लागू पडते, हे मात्र आपल्या लक्षात आलेले नाही.

लजननेच पुढे १९९३ मध्ये एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच मुलींच्या रोजनिश्यांवर ग्रंथ लिहिला. तिथल्या मुलींना रोजनिशी लिहावयास लावणे हा शिक्षणाचाच एक भाग होता आणि ती वही आई किंवा शिक्षिका वाचत असे, हे त्याने दाखवले. ज्या समाजात डायरी एकांताची मानली जाते तिथेही ती पहाऱ्याखाली लिहिली जात होती. विद्यार्थ्याची वही ही कोठेही पूर्णपणे खाजगी नसते. ती तपासली जाणार हे गृहीत धरूनच लिहिली जाते. म्हणून तिच्यात काय लिहिले यासोबत काय लिहिणे टाळले याचाही विचार करावा लागतो.

३

दुसरा प्रश्न भाषेचा आणि लिपीचा आहे, आणि मराठवाड्याच्या संदर्भात तो सर्वांत कळीचा आहे. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. भारतीय भाषेतून सर्व विषयांचे उच्च शिक्षण देणारा तो मोठा प्रयोग होता, यात शंका नाही. परंतु ती भाषा उर्दू होती, आणि संस्थानातल्या बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. नांदेडच्या किंवा उदगीरच्या मराठी मुलाला माध्यमिक शिक्षण घ्यायचे तर बहुधा उर्दूतूनच घ्यावे लागे. प्राथमिक शाळा तहतानिया, मधली वस्तानिया, हायस्कूल फौकानिया. मुख्याध्यापक म्हणजे सदर मुदर्रिस. वर्ग म्हणजे जमात. भूगोल म्हणजे जुग्राफिया, गणित म्हणजे रियाजी, इतिहास म्हणजे तारीख. बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार या चार पायऱ्या जमा-तफरीक-जर्ब-तकसीम या नावांनी चढाव्या लागत. घरात मुलगा आजीजवळ पावकी-निमकी म्हणे आणि शाळेत त्याच संख्या दुसऱ्या भाषेत मांडी.

या पिढीतल्या शिक्षकाच्या कागदांत म्हणूनच तीन लिप्या एकत्र नांदताना दिसतात. मुख्याध्यापकाला द्यायचा अर्ज उर्दूत, 'बखिदमत जनाब' असा मायना घालून. शेतीचा, उसनवारीचा, गावच्या कारभाराचा मजकूर मोडीत. आणि अभंग, पाठांतर, मुलांना लिहिलेली पत्रे बाळबोध लिपीत. लिपी बदलते तेव्हा लिहिणाऱ्याची भूमिका बदलते. नोकर, कुळवाडी आणि बाप अशा तीन नात्यांतून तोच हात लिहीत असतो. कालगणनाही अशीच मिश्र असते. सरकारी कागदावर फसली सन आणि आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे महिने. घरच्या पत्रावर चैत्र-वैशाखाची मिती. मुंबई-पुण्याकडे जाणाऱ्या पत्रावर इंग्रजी तारीख. रुपयाच्या पुढे 'हाली' लिहिले आहे की 'कलदार' हेही पाहावे लागते, कारण निजामाचा शिक्का आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया यांची किंमत एक नव्हती. फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवून इसवी सन काढता येतो, हे साधे गणित आज इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही अनेकदा सांगावे लागते.

या तिहेरी साक्षरतेकडे केवळ अन्यायाची खूण म्हणून पाहण्याची आपल्याला सवय झालेली आहे. भाषिक अन्याय होताच. खाजगी शाळा काढावयास सरकारी परवानगीची अट होती, गश्ती निशाण त्रेपन्नने सभा-संमेलनांवर बंधने आणली होती. अशा काळात हैदराबादेतील विवेकवर्धिनी, गुलबर्ग्यातील नूतन विद्यालय, औरंगाबादेतील सरस्वती भुवन, अंबाजोगाईची योगेश्वरी आणि हिप्परग्याची १९२१ साली निघालेली राष्ट्रीय शाळा यांनी मराठी शिक्षणाची ज्योत राखली, हे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु त्याच वेळी हेही म्हटले पाहिजे की उर्दूतून शिकलेल्या मराठी माणसाने त्या भाषेला सर्वस्वी परकी मानलेले नव्हते. आपल्या शाळेच्या मराठीत हजेरी, दाखला, रजा, शाई, दौत हे शब्द कोठून आले? 'वजाबाकी' या शब्दातले दोन्ही घटक अरबीतून आलेले आहेत. पगडींसारखा इतिहासकार फार्सी साधने मराठीत आणू शकला तो या भाषिक परिसराच्या देणगीमुळेच.

याची दुसरी बाजू वेदनेची आहे. १९४८ नंतर शाळांचे माध्यम मराठी झाले, उस्मानिया विद्यापीठ पुढे इंग्रजीकडे वळले आणि उर्दूतून शिकलेल्यांची मुले उर्दू वाचेनाशी झाली. मोडीही शाळेतून गेली. परिणामी आजोबांच्या हातचा कागद नातवाला वाचता येत नाही, अशी स्थिती एका पिढीत निर्माण झाली. पेटीत सापडलेला उर्दू कागद जमिनीचा आहे की शाळेचा, अर्ज आहे की शेर उतरून घेतला आहे, हे कळत नाही. न कळणारा कागद एक तर फेकला जातो किंवा देव्हाऱ्याजवळ ठेवला जातो; वाचला मात्र जात नाही.

४

पत्रांकडे वळू. मराठी पत्राचा मायना हा समाजरचनेचा छोटा नकाशाच असतो. 'ती.', 'चि.', 'सौ.', 'रा. रा.', 'सा. न. वि. वि.', 'अनेक आशीर्वाद', 'इकडील सर्व क्षेम' ही संक्षिप्त अक्षरे कोण कोणापुढे किती वाकतो हे आधीच ठरवून देतात. म्हणून मायन्यात झालेला बदल हा पत्रातल्या मजकुराइतकाच बोलका असतो. संग्रामाच्या वर्षांत पत्राच्या माथ्यावरचे 'श्री' जाऊन तिथे 'वंदे मातरम्' येते. १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत हे गीत म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दोन शब्दांचे वजन कळते. त्यानंतरच्या काळात विद्यार्थ्याने आपल्या वडिलांना लिहिलेल्या साध्या पत्रावर ते शब्द घालणे म्हणजे सही करून जोखीम पत्करणे होते. पुढे औरंगाबादला १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले, त्याला मिलिंद हे नाव मिळाले, आणि नांदेड-लातूरकडची दलित मुले शिकावयास बाहेर पडली. त्या पिढीच्या पत्रांत 'साष्टांग नमस्कार' जाऊन 'सप्रेम जयभीम' आला. आडवे होऊन घालायच्या नमस्काराच्या जागी उभ्या माणसाचे अभिवादन आले. मराठी पत्रलेखनाच्या इतिहासात याहून मोठे रूपांतर झालेले नाही, आणि शालेय पत्रलेखनाच्या पाठात त्याची दखल मात्र शोधून सापडत नाही.

शिक्षिकेच्या पत्राचे आद्य उदाहरण आपल्याकडे सावित्रीबाई फुल्यांचे आहे. त्यांनी जोतीरावांना लिहिलेली १८५६, १८६८ आणि १८७७ या वर्षांची तीन पत्रे आज उपलब्ध आहेत. पहिल्यात माहेरी आजारपणात असताना भावाने घेतलेले आक्षेप आहेत, दुसऱ्यात जातीबाहेरच्या प्रेमामुळे गावाच्या रोषाला बळी पडू पाहणाऱ्या दोघांचे प्राण वाचवल्याची हकीकत आहे, तिसऱ्यात दुष्काळातले मदतकार्य आहे. कौटुंबिक पत्राच्या चौकटीत त्यांनी सार्वजनिक घटनेचा वृत्तांत बसवला. पतीला लिहिताना त्या सहकाऱ्याला लिहीत आहेत. घरचे आणि बाहेरचे यांच्यातली भिंत त्यांच्या पत्रात उरत नाही, आणि हा गुण शिक्षकाच्या पत्रात वारंवार आढळतो. कारण शिक्षकाचे घर आणि शाळा यांच्यात फारसे अंतर नसतेच.

नांदेडच्या संदर्भात शिक्षकाच्या पत्राचे सर्वांत ठळक उदाहरण नरहर कुरुंदकरांचे आहे. प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक म्हणून उमेदवारी केलेले आणि नंतर पीपल्स कॉलेजात मराठीचे अध्यापन करणारे कुरुंदकर 'गुरुजी' याच नावाने ओळखले गेले. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी'ला त्यांची जी दीर्घ प्रस्तावना आहे ती देसाईंना लिहिलेल्या पत्राच्या रूपात आहे. तिचा आशय शिवचरित्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. तिच्या रूपाचा विचार मात्र पुरेसा झालेला नाही. प्रस्तावनाकार सामान्यतः वाचकाशी बोलतो. कुरुंदकर लेखकाशी बोलतात आणि वाचकाला ते संभाषण ऐकू देतात. वर्गात पहिल्या बाकावरच्या विद्यार्थ्याला प्रश्न विचारून सगळ्या वर्गाला उत्तर समजावणाऱ्या शिक्षकाची ही रीत आहे. पुरावा मांडणे, आक्षेप स्वतःच उपस्थित करणे, त्याचे निरसन करणे, आणि तरीही कादंबरीकाराचे स्वातंत्र्य मान्य करणे, हा सारा व्यवहार पत्रामुळेच आपुलकीचा राहतो. मुंबई-पुण्यापासून दूर राहणाऱ्या विद्वानाला नियतकालिकांच्या कचेऱ्यांतल्या गप्पा उपलब्ध नसतात. त्याची गोष्टी करण्याची जागा टपालात असते. मराठवाड्यातली समीक्षा किती प्रमाणात आधी पत्र होती आणि मग लेख झाली, हा शोध घेण्यासारखा विषय आहे.

५

कात्रणवही, चिकटवही आणि शाळेचे हस्तलिखित हे तिसऱ्या प्रकारचे लेखन. यांत लेखकत्वाची आपली कल्पनाच अडचणीत येते, कारण कात्रणवहीत तिच्या मालकाचा एकही शब्द नसू शकतो. सगळा मजकूर दुसऱ्याचा. निवड, क्रम आणि शेजार तेवढा त्याचा. गांधीजींच्या छायाचित्राशेजारी कोणत्या नटाचे चित्र चिकटवले, सुविचार कोणत्या बातमीखाली लिहिला, कोणते कात्रण पुढे उपटून काढले, यातून जो अर्थ निर्माण होतो तो मांडणीचा अर्थ असतो. ज्या प्रदेशात वृत्तपत्रांवर बंदी येत असे, आ. कृ. वाघमाऱ्यांच्या 'मराठवाडा' साप्ताहिकाला १९३८ पासून निजामी राजवटीचा जाच सोसावा लागला, तिथे कात्रण जपणे ही निरुपद्रवी हौस नव्हती. सीमेपलीकडून आलेला छापील कागद घरात ठेवणे हाच एक अभिप्राय होता.

हस्तलिखित मासिकांची परंपरा मराठी शाळांत सर्वत्र आहे. तिचे ख्यातनाम उदाहरण खानदेशातले. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक आणि वसतिगृहाचे चालक असलेले साने गुरुजी मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढीत. रोज सकाळी मुलांनी ते वाचावे म्हणून रात्री लिहिणारा हा शिक्षक म्हणजे एकाच वेळी संपादक, लेखक आणि लेखनिक होता. पुढे अफाट लोकप्रिय झालेल्या त्यांच्या गद्याची घडण या दैनिकात झाली असे मानावयास जागा आहे: समोर बसलेल्या, नावाने ओळखीच्या मुलांना उद्देशून लिहिलेले गद्य. मराठवाड्यातल्या शाळांच्या हस्तलिखितांना असा भाग्यवान वारस मिळाला नाही. एकच प्रत, गणेशोत्सवात किंवा स्नेहसंमेलनात मांडली जाणारी, शाईची वेलबुट्टी काढलेली. आणि नंतर कपाटाच्या तळाशी.

एकच प्रत असणे म्हणजे काय, हे मुक्ता साळवेच्या उदाहरणावरून कळते. फुल्यांच्या शाळेतल्या या चौदा-एक वर्षांच्या मांग मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ज्ञानोदय'ने दोन भागांत छापला. शाळकरी मुलीचा तो शालेय निबंध आज मराठी दलित स्त्रीलेखनाचा आरंभबिंदू म्हणून वाचला जातो. तो छापला गेला नसता तर? त्या वर्गात तिच्या शेजारी बसून इतर मुलींनी काय लिहिले होते? छपाईने वाचवलेला एक निबंध न छापलेल्या असंख्य वह्यांचे अस्तित्व सिद्ध करतो आणि त्यांचा अभावही दाखवतो.

मराठवाड्यातल्या मुलींच्या वह्यांबाबत हा अभाव दुप्पट आहे. चौथी-सातवीनंतर शाळा सुटलेल्या मुलीची वही पुढे ओव्या, पाककृती, रांगोळीचे ठिपके, विणकामाचे नमुने आणि माहेरचे पत्ते यांनी भरत जाते. त्याच वहीच्या पहिल्या पानांवर शुद्धलेखन असते. जिथे शुद्धलेखन संपते आणि ठिपके सुरू होतात, त्या पानावर एका मुलीचे शिक्षण थांबलेले असते. कोणत्याही शैक्षणिक अहवालात ही तारीख नोंदलेली नसते.

६

आता या सगळ्या विचारातला अवघड भाग. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. तो शुक्रवार होता, म्हणजे संस्थानी शाळा-कचेऱ्यांच्या साप्ताहिक सुटीचा वार. आज आपण जो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो, त्याचा रकाना त्या वेळच्या हजेरीपटात सुटी म्हणूनच भरला जाणार. आबान १३५७ फसली या महिन्याचे हजेरीपट पुढे-मागे करून वाचले तर दुसरी एक गोष्ट दिसण्याची शक्यता आहे: त्याआधी वर्षभर रझाकारांच्या दहशतीमुळे आणि शाळांवरील बहिष्कारामुळे गळालेली नावे, आणि त्यानंतर गळालेली नावे. या दोन याद्या एकाच समाजातल्या नाहीत.

पहिली यादी आपल्या इतिहासात आहे. दुसरी नाही. पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत मुसलमानांवर जे अत्याचार झाले त्यांच्या चौकशीसाठी पंडित सुंदरलाल यांच्या समितीला केंद्र सरकारने पाठवले. तिचा अहवाल सर्वसामान्य अभ्यासकाला मिळण्यास २०१३ साल उजाडावे लागले. समितीने मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा बांधला आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर यांच्यासह नांदेडचे नाव घेतले. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात होते. उर्दू शाळांत शिकवणारे शिक्षक पुष्कळसे मुसलमान होते. त्यांच्या रोजनिश्या, त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांना लिहिलेली पत्रे कोठे आहेत? ज्या मराठी मुलांना या शिक्षकांनी रियाजी शिकवली त्यांच्या आत्मकथनांत हे शिक्षक क्वचित प्रेमाने, क्वचित रागाने येतात, आणि १९४८ नंतर बहुधा येत नाहीत. रझाकारांचे अत्याचार विसरावेत असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. ते अत्याचार नोंदलेले आहेत आणि नोंदलेलेच राहिले पाहिजेत. प्रश्न असा आहे की एका शाळेतल्या एका बाकाची स्मृती जपणारा इतिहास दुसऱ्या बाकाबद्दल गप्प राहिला तर तो शाळेचा इतिहास होईल काय?

कागद नष्ट होण्याचा असाच दुसरा प्रसंग १९७८ चा. २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाल्यावर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळण्यात आल्या; नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे आणि जनार्दन मवाडे यांना प्राण गमवावे लागले. जळालेल्या घरांची गणती झाली. त्या घरांत गोणपाटाखाली, पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या वह्या, सनदा, मिलिंदहून आलेली पत्रे यांची गणती कोण करणार? पहिल्यांदाच शिकणाऱ्या पिढीचे कागद जळतात तेव्हा त्या घराचा सगळा लिखित इतिहास जळतो, कारण त्याआधीचा लिखित इतिहास नसतोच. मराठवाड्याच्या याच परिसरातून आलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी' (१९७९) या आत्मकथनाकडे या दृष्टीने पाहिले तर त्याच्या शीर्षकातला 'आठवणी' हा शब्द वेगळाच अर्थ देऊ लागतो. दलित आत्मकथन स्मरणावर उभे आहे ते केवळ वाङ्मयप्रकाराच्या स्वभावामुळे नव्हे. जपून ठेवण्याजोगी पेटी आणि पेटी ठेवण्याजोगे घर यांच्या अभावामुळेही.

तिसरा प्रसंग माणसाच्या हातचा नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतले जवळजवळ आठ हजार लोक दगावले. दगड-मातीच्या जाड भिंती, ज्या उन्हाळ्यात घर थंड ठेवीत, त्याच अंगावर आल्या. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. नव्या गावात नवी शाळा आली, नवे रजिस्टर आले. कोनाड्यातले, माळवदाच्या घरातल्या उतरंडीमागचे कागद ढिगाऱ्यासोबत गेले. माणसे गेली असताना कागदांचा शोक करणे अप्रशस्त वाटेल, आणि त्या काळात कोणी तो केलाही नाही, हे योग्यच. परंतु तीन दशकांनंतर त्या गावांचा इतिहास लिहू जाणाऱ्याला मदतकार्याचे अहवाल मुबलक मिळतात आणि भूकंपाआधीचे गाव मिळत नाही.

७

या विवेचनातून काही अभ्यासविषयक आग्रह निघतात. पहिला, मराठवाड्याच्या आधुनिक वाङ्मयाचा अभ्यासक उर्दू आणि मोडी या दोन लिप्या वाचण्याइतपत तरी शिकला पाहिजे. संत वाङ्मयाच्या अभ्यासकाने हस्तलिखित पोथी वाचता येणे आवश्यक मानतो, तसेच हे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने विद्यापीठ सुरू झाले. हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या वर्गांतून आलेल्या एका शिक्षकाचे नाव ज्या विद्यापीठाला आहे, त्याच्या परिसरात शिक्षकांचे कागद वाचण्याची परंपरा सुरू व्हावी, ही अपेक्षा अवास्तव ठरू नये.

दुसरा आग्रह, हे लेखन केवळ 'साधन' म्हणून वापरू नये. इतिहासकार त्यातून माहिती वेचून घेतो आणि उरलेले टाकतो. टाकलेल्यातच त्याचे रूप असते. मायना, रकाने, खाडाखोड, शाईचा बदल, पाठकोऱ्या बाजूचे परिपत्रक हे सगळे संहितेचे घटक मानले पाहिजेत. उलट, समीक्षकाने त्यात 'साहित्यगुण' शोधून दोन-चार सुंदर उतारे वेचण्याचा मोहही टाळला पाहिजे. जमा-खर्चाच्या चाळीस पानांनंतर आलेली एक ओळ त्या चाळीस पानांसकटच वाचायची असते.

तिसरा आग्रह निकडीचा आहे. १९४८ साली चौदा वर्षांचा असलेला विद्यार्थी आज नव्वदी ओलांडून गेला आहे. उर्दूतून शिकलेली, फसली महिन्यांची नावे क्रमाने म्हणू शकणारी ही शेवटची पिढी. आपल्या वहीतली कोणती खूण कोणासाठी होती, कोणत्या आद्याक्षरामागे कोण माणूस होता, हे सांगू शकणारे तेच. त्यांच्यानंतर कागद उरले तरी ते मुके होतील. एम. ए.च्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून आपण त्याच त्या कादंबऱ्या देतो. त्याऐवजी आपल्या गावच्या एका शाळेचे एका दशकाचे हस्तलिखित, किंवा एका निवृत्त शिक्षकाची एक पेटी, वर्णनसूची करण्यासाठी दिली तर दहा वर्षांत या दोन जिल्ह्यांचा एक कोश उभा राहू शकेल. अशा सूचीत खाजगी व्यक्तींची अब्रू राखावी लागेल, घरच्यांची संमती घ्यावी लागेल, आणि काही पाकिटे बंदच ठेवावी लागतील. बंद ठेवलेल्या पाकिटाचीही नोंद मात्र व्हावी: आकार, टपालाचा शिक्का, आणि ते कोणत्या वहीच्या कोणत्या पानात सापडले.